तुमचे आरोग्य केवळ तुमच्या हाती नाही

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक आरोग्य शिबिर भरले होते. व्यासपीठामागे 'तुमचे आरोग्य तुमच्या हाती' असा ठळक अक्षरांतील फलक लावला होता. रक्तातील साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशा सगळ्या तपासण्या सवलतीच्या दरात होत होत्या. तपासण्या आटोपल्यावर एका तरुण डॉक्टरांचे व्याख्यान झाले. त्यांनी सांगितले ते सारे योग्यच होते. मीठ कमी करा, तंबाखू सोडा, रोज चाला, वेळेवर जेवा आणि वेळेवर झोपा. शेवटी प्रश्न विचारण्याची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून एक वृद्धा उठल्या आणि म्हणाल्या, 'डॉक्टर, समोर जेवायला कोणी नसलं की भूकच लागत नाही बघा. त्यावर काही गोळी आहे का?' सभागृहात हशा पिकला. डॉक्टरांनीही हसत हसत भूक वाढवणाऱ्या एका टॉनिकचे नाव सांगितले. पहिल्या रांगेत बसून मीही हसलो.

त्या हसण्याचा सल मला त्यानंतर अनेक दिवस टोचत राहिला. त्या दिवशी विचारल्या गेलेल्या प्रश्नांपैकी आरोग्याच्या मुळाशी जाणारा प्रश्न तोच होता, आणि सभागृहातील दोनशे माणसांपैकी एकालाही, त्यात सेमिनरीत सात-आठ वर्षे माणसाच्या आत्म्याचा अभ्यास केलेल्या माझ्यासारख्या धर्मगुरूचाही समावेश होतो, तो प्रश्न म्हणून ऐकू आला नाही. हा लेख त्या हसण्याचे प्रायश्चित्त म्हणून लिहीत आहे. माझा विरोध त्या डॉक्टरांना नाही, वैद्यकशास्त्राला तर मुळीच नाही. माझा विरोध त्या फलकावरील वाक्याला आहे. ते वाक्य निरुपद्रवी दिसते. वस्तुतः ते आजारी माणसाला एकटे पाडते आणि उरलेल्या आपणा सर्वांना जबाबदारीतून मोकळे करते.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४६ साली तयार झाली आणि ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. या घटनेने आरोग्याची व्याख्या करताना शरीर, मन आणि समाज या तिन्हींचे स्वास्थ्य एकत्र धरले आणि रोगाचा केवळ अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, असे स्पष्ट केले. पुढे १९७७ साली जॉर्ज एंगल या अमेरिकन वैद्याने 'सायन्स' या नियतकालिकातील आपल्या लेखात आपल्याच व्यवसायबंधूंना खडे बोल सुनावले. रोग्याच्या शरीरातील रसायने मोजून त्याचा रोग समजत नाही, त्याचे मन आणि त्याचा गोतावळा हेही रोगाचे घटक आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे मी येथे काही नवे सांगत नाही. व्याख्या जुनी आहे, पुरावाही जुना आहे. आपण मात्र त्या त्रयीतील तिसरा घटक सोयीस्करपणे गाळून टाकला आहे, कारण शरीर आणि मन ही ज्याची त्याची मालमत्ता मानता येते. समाज म्हटले की आपल्यालाही उत्तर द्यावे लागते.

या तिसऱ्या घटकाची साक्ष देणारे एक गाव आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या या गावाचे नाव रोझेटो. दक्षिण इटलीतील फोज्जा प्रांतात रोझेटो वाल्फोर्तोरे नावाचे डोंगरावरचे एक गरीब खेडे आहे. १८८२ पासून तेथील शेतमजूर पोटासाठी अमेरिकेला जाऊ लागले आणि पाटीच्या दगडाच्या खाणींत कामाला लागले. एकामागून एक कुटुंबे येत गेली, डोंगराच्या उतारावर घराला घर लागून उभे राहिले आणि मूळ गावाचेच नाव नव्या गावाला मिळाले. त्यांच्या शेजारी बँगोर गावात वेल्श आणि इंग्रज राहत, तर थोड्या अंतरावरील नाझारेथ गावात जर्मन वंशाचे लोक. या इटालियनांना कोणी जवळ करीत नसे.

१८९७ साली तेथल्या कार्मेल मातेच्या चर्चमध्ये पास्क्वाले दे निस्को नावाचे धर्मगुरू आले. एक धर्मगुरू म्हणून त्यांच्याविषयी वाचताना मला आदरही वाटतो आणि थोडी लाजही. त्यांनी केवळ मिस्सा अर्पण केल्या नाहीत. त्यांनी मंडळे स्थापन केली आणि सण उभे केले. लोकांना घरामागच्या जागेत कांदे, बटाटे, घेवडे, कलिंगडे लावायला शिकवले, फळझाडे लावायला लावली आणि त्यासाठी बी-बियाणे वाटले. पुढे त्या गावाची वस्ती दोन हजारांच्याही आत असताना तेथे बावीस नागरी संस्था कार्यरत होत्या. एका घरात तीन पिढ्या नांदत. संध्याकाळी लोक रस्त्यात थांबून एकमेकांशी बोलत, एकमेकांकडे जेवत. श्रीमंतीचे प्रदर्शन करणे हे तेथे असभ्य समजले जाई. कोण सुखवस्तू आणि कोण हलाखीत, हे घरावरून वा कपड्यांवरून परक्याला ओळखता येत नसे.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस स्ट्युअर्ट वुल्फ नावाचे वैद्यकाचे प्राध्यापक त्या परिसरात उन्हाळ्यात राहायला येत. एका स्थानिक डॉक्टराने त्यांना बोलता बोलता सांगितले, की आजूबाजूच्या सगळ्या गावांतून माझ्याकडे रोगी येतात, परंतु रोझेटोतला पासष्ट वर्षांखालचा हृदयरोगी क्वचितच दृष्टीस पडतो. त्या काळी हृदयविकाराने अमेरिकेत थैमान घातले होते. वुल्फ यांना नवल वाटले. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी आपले सहकारी आणले, मृत्यूचे जुने दाखले गोळा केले आणि गावकऱ्यांचे रक्त व हृदय तपासले. समाजशास्त्रज्ञ जॉन ब्रून यांनी घरोघरी जाऊन मुलाखती घेतल्या. डॉक्टराचे म्हणणे खरे निघाले. पंचावन्न ते चौसष्ट या वयाच्या पुरुषांत हृदयविकाराचा झटका येऊन मेलेला माणूस जवळपास आढळलाच नाही. पासष्टीनंतरचे प्रमाणही देशाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास होते.

आता आपल्या शिबिरातील व्याख्यानाचे निकष या गावाला लावून पाहा. रोझेटोचे लोक महागडे ऑलिव्ह तेल न वापरता डुकराच्या चरबीत स्वयंपाक करीत. त्यांच्या आहारातील चाळीस टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चरबीतून येत होती. पुरुष विड्यांसारखे कडक चिरूट ओढत आणि जेवताना वाईन पीत. अनेकांची शरीरे स्थूल होती. खाणीतले काम धुळीचे आणि जिवाला घोर लावणारे होते. त्यांची हृदये रक्तगुणामुळे शाबूत राहिली असावीत म्हणावे, तर त्याच मूळ गावातून येऊन अमेरिकेत इतरत्र विखुरलेल्या त्यांच्या भाऊबंदांना हे संरक्षण लाभलेले नव्हते. पाणी आणि हवा म्हणावी, तर ती शेजारच्या बँगोरलाही लाभत होती आणि बँगोरची माणसे देशाच्या सरासरीने मरत होती. एकामागून एक कारणे निकालात निघाल्यावर संशोधकांच्या हाती जे उरले ते त्या गावाचे एकत्र राहणे. तेथे कोणी एकटा जेवत नव्हता.

गैरसमज टाळण्यासाठी लगेच सांगतो. चरबी खा, चिरूट ओढा, शेजाऱ्यांशी गप्पा मारा म्हणजे झाले, असा अर्थ कोणी काढू नये. तंबाखू हे विष आहे आणि ते रोझेटोतही विषच होते. मुद्दा इतकाच, की विषाचा परिणाम ज्या शरीरावर होतो, ते शरीर कोणाच्या सोबतीने जगते यावरही तो परिणाम अवलंबून असतो.

रोझेटोच्या कथेचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. वुल्फ आणि ब्रून यांनी १९६० च्या दशकातच इशारा दिला होता, की हे गाव उरलेल्या अमेरिकेसारखे वागू लागले तर उरलेल्या अमेरिकेसारखेच मरू लागेल. तसेच झाले. मुले महाविद्यालयात गेली, चांगल्या नोकऱ्या लागल्या, पैसा आला. यात त्यांचा काय दोष? आईबापांनी खाणीतली धूळ खाल्ली ती यासाठीच. परंतु पैशापाठोपाठ गावाबाहेर ऐसपैस जागेत स्वतंत्र बंगले आले, बंगल्यांना कुंपणे आली, मोठ्या मोटारी आल्या, निवडक लोकांचे क्लब आले. आजीआजोबा जुन्या घरात राहिले. १९७१ साली गावातील पंचेचाळीस वर्षांखालच्या माणसाचा हृदयविकाराने पहिला बळी गेला. १९९२ साली पन्नास वर्षांच्या मृत्युनोंदींची तुलना प्रसिद्ध झाली तेव्हा दिसले, की पहिली तीस वर्षे रोझेटोचे जे मृत्युमान बँगोरहून कमी होते ते पुढे वाढत वाढत बँगोरच्या बरोबरीला आले. गाव श्रीमंत झाले, दवाखाने सुधारले, आणि त्याच काळात त्या गावाने आपले वैशिष्ट्य गमावले.

याला एक रास्त आक्षेप आहे. एवढ्याशा गावातील मोजक्या मृत्यूंवरून मोठे निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. आक्षेप मान्य. म्हणून मोठ्या संख्येकडे जाऊ. कॅलिफोर्नियातील अलामिडा परगण्यात १९६५ साली सुमारे सात हजार प्रौढांची पाहणी करण्यात आली आणि नऊ वर्षे त्यांचा मागोवा ठेवला गेला. लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी १९७९ साली त्याचे निष्कर्ष मांडले. विवाह, आप्तमित्र, चर्च आणि इतर मंडळे हे चार प्रकारचे संबंध त्यांनी मोजले. ज्यांचे संबंध सर्वांत तुटपुंजे होते त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण भरपूर संबंध असलेल्यांच्या तुलनेत पुरुषांमध्ये २.३ पट आणि स्त्रियांमध्ये २.८ पट आढळले. धूम्रपान, मद्यपान, स्थूलता, व्यायाम यांचा हिशेब वजा केल्यावरही फरक उरलाच. २०१० साली ज्युलियन होल्ट-लुन्स्टड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १४८ अभ्यासांतील तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली. ज्यांचे मानवी संबंध सुदृढ होते त्यांची जगण्याची शक्यता इतरांहून पन्नास टक्क्यांनी अधिक निघाली. हा परिणाम धूम्रपान सोडण्याच्या परिणामाच्या तोडीचा आहे. तरीही सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना छापणाऱ्या सरकारला एका खोलीच्या बंद दारावर तशी सूचना लावावीशी वाटत नाही.

काही सुशिक्षित म्हणतील, 'हे सारे भावनिक आहे. मनाचे दुःख शरीराच्या पेशींना कसे कळणार?' ते कळते, आणि मोजताही येते. भय, चिंता आणि एकाकीपण यांनी शरीर सतत सावध अवस्थेत राहते. कॉर्टिसोलसारखी संप्रेरके वाजवीपेक्षा अधिक काळ वाहत राहतात, रक्तदाब चढतो, झोप उडते आणि जखम भरून काढणारी व जंतूंशी लढणारी यंत्रणा मंदावते. १९९५ साली ओहायोमध्ये जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची सेवा करणाऱ्या तेरा स्त्रियांच्या हातावर लहानशी, सारख्या आकाराची जखम केली आणि त्याच वयाच्या इतर स्त्रियांशी तुलना केली. सेवा करणाऱ्या स्त्रियांची जखम भरून यायला सरासरी नऊ दिवस अधिक लागले. आपल्या प्रत्येक आळीत अंथरुणाला खिळलेल्या सासूची किंवा नवऱ्याची वर्षानुवर्षे सेवा करणारी एखादी स्त्री असतेच. तिला आपण 'देव तुझे कल्याण करो' म्हणतो. एक दुपार तिच्या जागी बसून तिला झोपू द्यावे, हे आपल्याला सुचत नाही. तिची भरून न येणारी जखम ही काही अंशी आपली करणी आहे.

येथवर वाचून काही भाविकांना आनंद झाला असेल. 'पाहा, फादरही मनाचेच सामर्थ्य सांगतात!' माझे दुसरे भांडण त्यांच्याशी आहे. गेली काही वर्षे सकारात्मक विचारांचे एक पीक आले आहे आणि त्याची लागण प्रार्थनासभांनाही झाली आहे. कर्करोगाने गांजलेल्या एका बाईंना एका सभेत सांगण्यात आले, की तुमचा विश्वास पुरेसा दृढ असता तर गाठ विरघळली असती. त्या बाई माझ्याकडे पापनिवेदनाला आल्या त्या गाठीपेक्षा अपराधी भावनेने अधिक खचलेल्या होत्या. जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असा प्रश्न शिष्यांनी प्रभू येशूला विचारला होता. प्रभूने तो प्रश्नच झिडकारला. ईयोबाच्या मित्रांनाही परमेश्वराने शेवटी फटकारले ते ते सांत्वनाच्या नावाखाली दोषारोप करीत होते म्हणून. दोन हजार वर्षांनंतर आम्ही पुन्हा रोग्याकडे बोट दाखवू लागलो आहोत. आरोग्य तुमच्या हाती म्हणणारा डॉक्टर आणि आरोग्य तुमच्या विश्वासात म्हणणारा प्रवचनकार, दोघेही आजारी माणसाला एकच गोष्ट सांगतात: चूक तुझी आहे.

सकारात्मक विचारांचे पुरस्कर्ते धर्मभगिनींच्या प्रसिद्ध अभ्यासाचा दाखला देतात. तोही पूर्णपणे पाहू या. नोत्र दाम संघाच्या अमेरिकेतील ६७८ वृद्ध धर्मभगिनींनी डेव्हिड स्नोडन यांच्या संशोधनात भाग घेतला. त्यांपैकी १८० भगिनींनी तरुणपणी, विशीच्या सुमारास, संघप्रमुखांच्या सांगण्यावरून आपली छोटी आत्मवृत्ते लिहिली होती. ज्यांच्या लेखनात आनंद, कृतज्ञता, आशा अशा भावना अधिक होत्या त्या इतरांपेक्षा सरासरी सात ते दहा वर्षे अधिक जगल्या, असे २००१ साली प्रसिद्ध झाले. निष्कर्ष खराच आहे. परंतु या भगिनी कशा जगत होत्या ते कोणी सांगत नाही. सगळ्यांचे ताट सारखे, छप्पर सारखे, आजारपणात औषधपाणी सारखे. कोणी धूम्रपान करीत नव्हते, कोणाला उद्याच्या भाकरीची चिंता नव्हती आणि म्हातारपणी कोणी एकाकी नव्हती. मनाचा सूक्ष्म फरक इतका स्वच्छ दिसला तो बाकीचे सारे फरक त्या समाजाने आधीच पुसून टाकले होते म्हणून. भाडे थकलेल्या आणि नवऱ्याच्या दारूने पिचलेल्या स्त्रीला 'आनंदी राहा म्हणजे दहा वर्षे अधिक जगशील' असे सांगताना हा अभ्यास पुढे करणे हा त्या भगिनींवरही अन्याय आहे.

याच ठिकाणी मला माझ्या स्वतःच्या मांडणीलाही आवर घालायला हवा. समाज म्हणजे केवळ गप्पागोष्टी आणि सणवार नव्हेत. समाज म्हणजे न्यायही. १९६७ साली लंडनमध्ये सुमारे अठरा हजार पुरुष सरकारी नोकरांचा अभ्यास सुरू झाला. मायकल मार्मट यांनी तो पुढे नेला. हे सारे पोटभर जेवणारे, कायम नोकरीतले लोक होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराच्या मृत्यूचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीच्या आसपास होते आणि पायरी-पायरीने ते चढत गेले होते. धूम्रपान, रक्तदाब इत्यादींनी त्या फरकाचा अर्ध्याहून कमी भाग उलगडला. हुकूम झेलणाऱ्याचे हृदय हुकूम सोडणाऱ्याच्या हृदयाआधी थकते. आपल्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंशी आपण कोणत्या स्वरात बोलतो, हा विषय शिष्टाचारापुरता मर्यादित नाही. तो आरोग्याचाही विषय आहे.

आपल्या महाराष्ट्रात हे सत्य जामखेडने प्रत्यक्ष करून दाखवले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली त्या दुष्काळी तालुक्यात काम सुरू केले. थोड्याच अवधीत त्यांच्या ध्यानात आले, की गोळ्या वाटून मुले वाचणार नाहीत. मुले मरत होती ती घाण पाण्याने, उपासमारीने, जातीच्या उतरंडीने आणि आयांच्या दास्याने. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका केले. त्यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. ज्या बाईच्या सावलीचा विटाळ मानला जाई तिच्याच हातून सवर्णांच्या घरची बाळंतपणे होऊ लागली. १९७१ च्या सुमारास दर हजारी १७६ असलेला अर्भकमृत्यूचा दर पुढील पंचवीस वर्षांत तिशीच्या खाली आला. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षा मोठी गोष्ट ही, की त्या स्त्रियांची मान ताठ झाली आणि ताठ मानेच्या आयांची लेकरे जगली. शरीर, मन आणि समाज हे तिन्ही तेथे एकाच वेळी बरे होत होते. त्यांतील एकाला वेगळे काढून बरे करता आले नसते.

आता आपल्या दाराशी येतो. आपला वसईचा पट्टाही झपाट्याने रोझेटोच्या उत्तरार्धात शिरला आहे. केळीच्या बागांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, बावखले बुजली, ओटे गेले, अंगणांना भिंती आल्या. मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या पैशांवरच कित्येक चर्चचे जीर्णोद्धार झाले आहेत. परंतु ज्या घरात पूर्वी चौदा माणसांची पंगत बसे तेथे आज एक वृद्धा दूरदर्शनसंच सुरू ठेवून जेवते, घरात माणसाचा आवाज असावा म्हणून.

'फादर, जुने दिवस इतके सोन्याचे नव्हते,' असे काही भगिनी मला नक्की म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. एकत्र कुटुंबात सासुरवास होता. आळीतल्या नजरांचा जाच होता. कोणाच्या पंगतीला कोण बसणार याचे अलिखित नियम ख्रिस्ताच्या नावाने बाप्तिस्मा घेतलेल्यांनीही पाळले. रोझेटोतही सारे गोड नसणार. मला ते दिवस जसेच्या तसे परत नको आहेत. माझे म्हणणे इतकेच, की ओटे तोडताना ओट्यावर काय घडत होते याचा हिशेब आपण केला नाही.

आणि हा हिशेब न करणाऱ्यांत मी पहिला आहे. आमच्या चर्चच्या आवारात जुन्या चिंचेखाली सिमेंटचे तीन बाक होते. सकाळच्या मिस्सानंतर सात-आठ वृद्ध तेथे तासभर बसत. गुडघेदुखीपासून राजकारणापर्यंत सारे विषय तेथे निघत. पाच वर्षांपूर्वी रविवारी मोटारी लावायला जागा अपुरी पडते अशी तक्रार आली. धर्मग्राम मंडळाने ठराव केला, फरशा बसवल्या आणि बाक हलवले. ठरावाखाली सही माझी आहे. त्यानंतर ते वृद्ध मिस्सा संपताच घरी जाऊ लागले, काहींनी रोज येणे सोडले. त्यांतील एक निवृत्त शिक्षक दीड वर्षाने आपल्या सदनिकेत वारले. हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद दाखल्यावर आहे. बाक हलवले म्हणून ते वारले, असे मी म्हणणार नाही, ते खोटे होईल. परंतु ते गेल्याचे आम्हांला दुसऱ्या दिवशी कळले, तेही दाराला लटकलेल्या दुधाच्या दोन पिशव्या पाहून. बाक असते तर पहिल्याच सकाळी सात वाजता कोणीतरी विचारले असते, 'सर आज कसे आले नाहीत?' एकवीस मोटारींची सोय मी केली आणि तो एक प्रश्न विचारणारी जागा मोडून टाकली.

बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाला प्रभूने विचारले, तुला बरे व्हायचे आहे काय? त्याने आपल्या व्याधीचे वर्णन केले नाही. मला पाण्यात सोडायला माझे कोणी नाही, एवढीच तक्रार त्याने केली. त्याचे निदान त्याने स्वतःच केले होते. याउलट कफर्णहूमच्या पक्षाघाती माणसाला चौघे मित्र होते. त्यांनी छप्पर उसकटून त्याला खाली सोडले आणि शुभवर्तमान सांगते, की प्रभूने त्या सर्वांचा विश्वास पाहिला. छप्पर कोणाचे होते, नुकसानभरपाई कोणी दिली, याची नोंद नाही. आपण असतो तर प्रथम तोच ठराव मांडला असता.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी प्रथम माझ्याच मंडळापुढे ठेवली आहे. चिंचेखालचे तीन बाक परत आणावेत, त्यासाठी सहा मोटारींची जागा गेली तरी चालेल. धर्मग्रामात एकटे राहणाऱ्या प्रत्येकाची, तो ख्रिस्ती असो वा नसो, यादी करावी आणि शेजारच्या एका घराने रोज सकाळी त्याचे दार वाजवण्याची जबाबदारी घ्यावी. अंथरुणावरील रुग्णाची सेवा करणाऱ्यांना आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळेल अशी पाळी लावावी. चर्चच्या आवारात झाडलोट करणाऱ्या, पहारा देणाऱ्या माणसांना पुरेसा पगार आणि आजारपणाची भरपगारी रजा द्यावी, कारण न्यायाचा आरंभ आपल्याच पगारपत्रकापासून व्हायला हवा. यांतील पहिल्या मागणीवर गेल्या बैठकीत दीड तास वाद झाला आणि निर्णय पुढे ढकलला गेला. पुढील बैठकीत मी तो पुन्हा मांडणार आहे.

आरोग्य शिबिर पुढच्या वर्षीही भरेल, भरायलाच हवे. साखर आणि रक्तदाब जरूर तपासावेत. मात्र तो फलक मी पुन्हा लावू देणार नाही. त्या वृद्धेचा प्रश्न अजून तसाच आहे. गेल्या महिन्यात एका गुरुवारी मी दुपारचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन चपात्या खाल्ल्या, वर थोडा भातही घेतला. टॉनिकची बाटली कपाटावर होती, तिचे सील फोडलेले नव्हते. त्या दिवसापासून गुरुवार माझा आहे. आठवड्याचे इतर सहा दिवस रिकामे आहेत.